‘शिकणे’ या कामाला प्रोजेक्ट कोड नसतो

आमचा सगळा कारभार पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ११ व्या आवृत्तीवर चालला होता आणि मला १६ वी हातात घ्यायची होती. वाचन झालं, घरच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करून झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते ऑफिसात टेस्ट सर्व्हर मागायच्या फॉर्मवर. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

लॅपटॉपवर भागत नाही का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. नाही भागत. रिकाम्या डेटाबेसवर कुठलीही आवृत्ती गुणी बाळासारखी वागते. जुनं ॲप्लिकेशन, त्याला डेटाबेसशी जोडणारा त्याहून जुना ड्रायव्हर, दोन मशीनमधलं रेप्लिकेशन (एकावरचा डेटा दुसऱ्यावर सतत उतरवणं) आणि खऱ्या आकाराची टेबलं एकत्र आली की मग ती रंग दाखवते. ते रंग प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, मध्यरात्री बघण्यापेक्षा आधी निवांत बघावेत, एवढीच माझी मागणी होती.

फॉर्ममध्ये ‘प्रोजेक्ट कोड’ हा रकाना सक्तीचा. कोड यादीतूनच निवडायचा, टाइप करायची सोय नाही. यादीत चालू प्रोजेक्ट सगळे होते. सराव, शिक्षण असलं काही नव्हतं. ‘इतर’ होतं, पण ते निवडलं की खाली ‘इतरचा कोड द्या’ असा नवा रकाना उघडायचा! मी तिथे आमच्या टीमचं नाव टाकलं. अर्ज परत: कोड अवैध. फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, ट्रेनिंगच्या बजेटमधून घ्या.” ट्रेनिंगवाले म्हणाले, आम्ही कोर्सची फी भरतो, मशीनचे पैसे आमच्याकडे नसतात. हवा तर कोर्स करा. तो कोर्स कुठला, तर मला शिकायची होती त्याहून जुन्या आवृत्तीचा. सरांकडे गेले. “चाललंय ना सगळं व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?” हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असणार.

मग वाट बघणं. अर्जाचं तिकीट ‘प्रलंबित’. रोज उघडून बघायचं, तिथे तोच शब्द. आणि एके सकाळी मेल आली की अर्जदाराकडून प्रतिसाद न आल्यामुळे तिकीट बंद करण्यात येत आहे. प्रतिसाद त्यांनी द्यायचा होता! पुन्हा उघडायची सोय नाही; नवा अर्ज, तोच रकाना, तीच यादी. त्या दिवशी मी फॉर्मबद्दल काय काय बोलले ते शेजारच्या टेबलवाल्यांना पाठ असेल.

सुटका झाली ती ‘कारण’ या रकान्यामुळे. पहिल्या अर्जात मी ‘कौशल्यवृद्धी’ लिहिलं होतं. नव्या अर्जात लिहिलं, ‘सपोर्ट संपलेल्या आवृत्तीवरून स्थलांतराची चाचणी’, आणि खाली तारीख: ९ नोव्हेंबर २०२३. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. ११ ही ऑक्टोबर २०१८ ची, तिची शेवटची दुरुस्ती त्या दिवशी आली. त्यानंतर सुरक्षेतलं भोक सापडलं तरी ते बुजवणारं कुणी नाही. अर्जाची प्रत सिक्युरिटी टीमला लावली. त्यांनी एक ओळ लिहिली आणि देखभालीचा कोड आपोआप उगवला. काम तेच, मशीन तेच. तुमचा डेटाबेस दुसरा असेल तर त्याची तारीख शोधा. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची विस्तारित मुदत १४ जुलै २०२६ ची आहे. शिकायची हौस कुणाला हलवत नाही, तारीख हलवते.

मशीन हातात आल्यावर मात्र मजा आली. १२ पासून ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही सेटिंगची फाइलच गेली. ती चुकून जागेवर राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. आमच्या स्टँडबायच्या (राखीव सर्व्हरच्या) सगळ्या स्क्रिप्ट त्या फाइलवर उभ्या होत्या. १४ पासून नवे पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठतात. जुनी खाती मुकाट चालली, नवं खातं तयार केलं तर आमचा जावाचा जुना ड्रायव्हर ‘टाइप १० सपोर्टेड नाही’, म्हणजे स्क्रॅम समजत नाही, म्हणून अडला. ड्रायव्हर ४२.२.० किंवा पुढचा लागतो. सगळ्यात फसवी गोष्ट १५ ची. पब्लिक स्कीमामध्ये (टेबलं ठेवायच्या डीफॉल्ट कप्प्यात) टेबल बनवायची मुभा आता सरसकट सगळ्यांना नसते, पण अपग्रेड होऊन आलेल्या डेटाबेसमध्ये जुनी मुभा तशीच राहते. म्हणून जुना डेटाबेस हसतखेळत चालतो आणि त्याच सर्व्हरवर नवा बनवला की परवानगी नाकारली जाते. हे लॅपटॉपवर मला दिसलं नसतं, कारण तिथे मी सुपरयूजर होते, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेली.

हे वर सांगायला हवं होतं: प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये ‘मायग्रेशन’ नावाचा भाग असतो. नव्या सुविधांच्या यादीआधी तो वाचा. आणि ११ वरून १६ ला जाताना फक्त १६ चा वाचून चालत नाही, मधल्या चारही आवृत्त्यांचा वाचावा लागतो.

डेटाबेसबरोबर लिनक्सही बदलत असाल तर जास्त सावध. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. डेटाच्या फाइली तशाच उचलून नव्या मशीनवर ठेवल्या की मजकुरावरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) चुकीची उत्तरं देऊ शकतात, एररही येत नाही. रीइंडेक्स करा. डेटा डंप करून (बाहेर काढून) पुन्हा भरलात तर इंडेक्स नव्याने बनतात, मग ही भानगड नाही.

आवृत्ती बदलणारं पीजी_अपग्रेड हे साधन आधी ‘चेक’ लावून चालवा, त्यात डेटाला हात लागत नाही. ‘लिंक’ लावून (फाइली कॉपी न करता जुन्याच वापरून) अपग्रेड केलं आणि नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्यावर परतता येत नाही, तेव्हा बॅकअप घेतल्याशिवाय तो पर्याय नको. अपग्रेड झाल्या झाल्या ॲनालाइझ चालवा. क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागणारी डेटाची आकडेवारी सोबत येत नाही, आणि मग सगळ्या क्वेरी रांगतात. १८ मध्ये बरीचशी आकडेवारी सोबत येते, पण तिथवर पोचायला मला आणखी एक अर्ज भरायचा आहे.