तेहानू सगळ्यात खाली

रविवार, रात्री साडेदहा

चिमी गेली आज. दादा सकाळीच गाडी घेऊन आला, जेवला, आईची फाईल चाळली, डॉक्टरांना फोन लावला आणि दोनच्या आत निघाले सुद्धा. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय, पण ते नको आत्ता. मला लिहायचंय ते जाताना ती बूट घालता घालता जे बोलली त्याच्याबद्दल, आणि ते इतकं छोटं आहे की कुणाला सांगितलं तर म्हणतील हात्तिच्या, एवढंच ना.

मेच्या पहिल्या आठवड्यात आली तेव्हाच तिने अर्थसीची, म्हणजे बेटांच्या आणि जादूगारांच्या त्या मालिकेची, सहाही पुस्तकं कपाटातून खाली काढली होती. आत्या, बेस्टपासून वर्स्टपर्यंत लिहून दे म्हणाली. मी किराणाच्या बिलाच्या मागे दोन मिनिटांत लिहून दिलं, विचारच करावा लागला नाही. तेहानू एक नंबर, मग टूम्ब्स ऑफ अटुआन, मग अदर विंड, मग विझर्ड, मग टेल्स, आणि शेवटी फार्देस्ट शोर. तिने बिल घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं आणि वाचायला मात्र पहिल्यापासून सुरुवात केली. तेच बरोबर आहे, उर्सुला ले ग्विन क्रमानेच वाचावी, मधून कुठून शिरू नये.

महिनाभरात चार झाली तिची. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांची राखण करत वाचायची. डोक्यावर ओढणी, मांडीवर पुस्तक, एका हातात चिमण्या हाकलायची काठी. सकाळी सहाला चीक शिजवायला उठायची माझ्याबरोबर, सोऱ्या दाबून दाबून हात लाल झाले तरी हटली नाही, वाटीभर गरम चीक मीठ-तेल घालून खायची आणि पळायची वर.

आणि आज दारात म्हणते, आत्या, माझी लिस्ट वेगळी झाली हां. विझर्ड एक, शोर दोन, टूम्ब्स तीन आणि तेहानू लास्ट. मी म्हटलं का गं, तर म्हणते, त्यात काहीच होत नाही ना, ती बाई नुसती घरातच असते.

मी हसले. डब्यात भडंग दिलंय, वाटेत खा म्हटलं. दादाने हॉर्न वाजवला.

तेव्हापासून ते वाक्य काही जात नाहीये डोक्यातून. भांडी घासली, आईला चारच्या गोळ्या दिल्या, संध्याकाळी पाय मोकळे करायला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत जाऊन आले, नदी पार तळाला गेलीये, आणि तिथे कठड्याला टेकून पण तेच. ती बाई नुसती घरातच असते. ती तेहानूमधल्या टेनारबद्दल बोलत होती हे मला कळतंय. पंधरा वर्षांची पोर आहे, ती पुस्तकातल्या बाईबद्दल बोलत होती. पुढचं तिने म्हटलंच नाही, ते मीच ऐकलं.

मला राग आलाय का? राग नाही. वाईट वाटलंय, आणि पुस्तकासाठी वाटलंय की स्वतःसाठी ते मला ठरवता येत नाहीये.

पुस्तकासाठी म्हणावं तर त्यात किती होतं! टेनार आता मध्यमवयीन आहे, शेतकऱ्याची विधवा, पोरं मोठी होऊन गेलेली, गावात तिला गोहा म्हणतात. एकेकाळी हिनेच गेडबरोबर, म्हणजे मालिकेच्या जादूगार हिरोबरोबर, ते तुटलेलं जादूचं कडं जोडून राजधानी हॅवनॉरला आणलेलं, आणि नंतर गेडचा गुरू ओगियन याच्याकडे विद्या शिकायची सोडून तिने संसार मागून घेतलेला. भाजलेली, टाकून दिलेली एक पोर ती घरात आणते. ओगियन मरताना आपलं खरं नाव तिला सांगतो, फक्त तिला. मग दोन मोठे जादूगार येतात आणि त्याला कुठे पुरायचं यावरून त्याच्या उशाशी भांडायला लागतात, आणि ती सांगते की त्याचं नाव हे होतं, त्याची इच्छा ही होती, तर त्यातला तरुण तिच्याकडे बघतो, त्याला एक खेडवळ मध्यमवयीन बाई दिसते आणि तो सरळ तोंड फिरवतो. दीड ओळीचं असेल ते. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं दुसऱ्यांदा वाचताना.

कारण ते मला रोजचं आहे. आईला रात्री किती वाजता धाप लागली, कुठली गोळी पोटात राहत नाही, हे मला माहीत असतं आणि डॉक्टर म्हणतात भावाला फोन करायला सांगा. आज पण तेच झालं, दादा फोनवर बोलत होता आणि मी शेजारून एकेक सांगत होते आणि तो तेच पुढे सांगत होता. दादाची चूक नाही त्यात. जाऊ दे.

आणि तो ताटाचा प्रसंग. टेनारचा मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, जेवतो, ती म्हणते एवढं आवरून ठेव, तर बायकांचं काम म्हणून निघून जातो. ज्या गेडने ड्रॅगनांशी बोलणी केली तो त्याच घरात गुमान भांडी आवरतो. चिमीला ह्यात काहीच झालं नाही असं वाटलं.

टूम्ब्स तिने तीन नंबरला टाकलं त्याचं पण मला आश्चर्य वाटलं, पण ते दुखलं नाही. ते पुस्तक मी 2005 साली लोडशेडिंगमध्ये वाचलंय, देवघरातली समई पुढ्यात ओढून. पाच वर्षांची मुलगी, हीच टेनार, घरातून उचलून आणतात, मागच्या पुजारणीचाच हा नवा जन्म म्हणून, तिचं नाव काढून घेतात आणि थडग्यांखालचा भुलभुलैया तिच्या ताब्यात देतात. थडग्यांच्या बरोबर खालच्या गुहेत उजेड न्यायला बंदी. भिंतीला हात लावून ती वळणं मोजत जाते, कितवं डावीकडे, कितवं उजवीकडे, सगळं पाठ. आणि एक दिवस त्या अंधारात तिला एका परक्या माणसाच्या काठीच्या टोकाला उजेड दिसतो आणि ती जागा कशी दिसते हे तिला जन्मात पहिल्यांदा कळतं, भिंती चमचम करत असतात. तेवढ्यात लाईट आली होती आमच्याकडे. आख्ख्या गल्लीने आरडाओरडा केला आणि मी उठून ट्यूब बंद केली, मला त्या उजेडात वाचायचंच नव्हतं.

विझर्डबद्दल मी भांडणार नाही. शेळ्या राखणारं पोरगं, मावशीकडून एक मंत्र ऐकतं आणि सगळ्या शेळ्या त्याच्या अंगावर येतात. 1968 चं पुस्तक, आणि त्यातला हिरो सावळा आहे, हे वाचताना चिमी गच्चीवरून ओरडत खाली आली होती, आत्या, गेड आपल्यासारखा आहे, आणि मला इतकं बरं वाटलं होतं! माझ्या प्रतीच्या कव्हरवर गोरा माणूस काढलाय. अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतलेली प्रत ती, तेव्हा मला कळलंच नव्हतं, वाचताना दोनदा मागे जाऊन बघितलं होतं. शेवटी तो आपल्याच सावलीचा पाठलाग करत समुद्राच्या पार टोकाला जातो आणि तिला आपलंच नाव देतो. पंधराव्या वर्षी हे पहिलं यायलाच हवं. टेल्समधल्या पाच गोष्टींपैकी मला एकच खरी जवळची, दलदलीतल्या गावात गुरांवर रोग आलेला असतो ती. 2022 ला लंपी आली तेव्हा मामाच्या गोठ्यात उभं राहून मला तीच आठवत होती.

शोर मी शेवटी का टाकलं हे चिमीने विचारलं नाही. बरं झालं. त्यात मेलेल्यांचा कोरडा देश आहे, दगडी कमी उंचीच्या भिंतीपलीकडे. तिथे ना ऊन, ना वारा, आणि एकमेकांवर जीव टाकलेली माणसं रस्त्यात शेजारून जातात आणि ओळखत नाहीत. अण्णा गेले त्यानंतर मी ते पान उघडलं आणि तिथेच थांबले, परत ते पुस्तक धड पुरं केलेलं नाही. त्यात त्याच पुस्तकाला पाणी लागलं. 2019 ला आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, गावभागात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं. वर न्यायची पुस्तकं मी काही निवडून उचलली नाहीत, आईला वर न्यायचं होतं, कागदपत्रं होती, हाताला आलं ते पिशवीत टाकलं. शोर खालच्या फळीवर राहिलं. फुगून दुप्पट झालं, पानं चिकटली, काठाला अजून गाळाची रेघ आहे. चिमीने ती पानं पट्टी घालून एकेक सोडवली, किती दिवस चाललं होतं तिचं, एक पान टर्रकन फाटलं तर रडकुंडीला आली होती. आणि दोन नंबर दिला तिने. माझ्या शेवटच्या नंबराला.

लेखिकेला पण तो कोरडा देश टोचत राहिला असणार असं मला नेहमी वाटतं. शोर 1972 चं. 29 वर्षांनी, 2001 मध्ये, अदर विंडमध्ये तिनेच ती भिंत पाडली. फुटकी भांडी सांधणारा एक साधा माणूस असतो त्यात, त्याची मेलेली बायको रोज स्वप्नात भिंतीशी येते. त्या भांडी सांधणाऱ्याच्या हातूनच भिंत पाडायला सुरुवात होते. ते वाचलं त्या रात्री मी अण्णांचा स्वेटर कपाटातून काढून नुसता हातात घेऊन बसले होते.

आणि तेहानू, ते तर 18 वर्षं थांबून लिहिलं तिने, 1990 ला. कव्हरवर छापलं होतं, अर्थसीचं शेवटचं पुस्तक. आणि 11 वर्षांनी आणखी दोन आली. तिलाच वाटलं की हे शेवटचं नव्हे.

हे लिहिता लिहिता मी उठून माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. 2006 ची सापडली, सेकंड इयरची. मला पुसट आठवत होतं, पण इतकं नाही. निळ्या पेनने यादी केलीये. विझर्ड एक, शोर दोन, टूम्ब्स तीन, तेहानू सगळ्यात खाली आणि पुढे दोन ओळी: गेडची ही काय दशा करून ठेवली, जादू गेली म्हणजे माणूस संपला का, आणि टेनार सारखी काय स्वयंपाकच करते. अदर विंड आणि टेल्स तेव्हा मिळाली नव्हती.

म्हणजे अक्षरशः चिमीचीच यादी. एका नंबराचा फरक नाही.

तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं, पुणं, एमए, पुढचं सगळं. ते पुण्याचं प्रकरण नको आता. मला इतकंच आठवतंय की वीस वर्षांच्या त्या मुलीला घर म्हणजे जिथून निघायचं ती जागा वाटायची, आणि तिला कुणी तेहानू आवडून घ्यायला लावलं असतं तर तिने घेतलं नसतं, आणि बरोबरच होतं तिचं. पंधराव्या वर्षी चिमीला तेहानू सगळ्यात जास्त आवडलं असतं तर मीच घाबरले असते. पोरीला आधी होडी पाहिजे, समुद्र पाहिजे. तिने आत्ताच ताटाच्या प्रसंगाला थांबून रडावं असं मला वाटतं का? अजिबात नाही.

तरी लागलंय ते लागलंयच. नुसती घरातच असते. आज दिवसभरात काय काय झालं ह्या घरात ते मी मनातल्या मनात मोजत बसले मघाशी, आणि मग मोजणं सोडून दिलं, कुणाला हिशोब द्यायचाय!

चारही पुस्तकं ती तिच्या क्रमाने टेबलावर रचून गेलीये. विझर्ड वर, फुगलेलं शोर दोन नंबरला, त्यामुळे वरचं सारखं घसरतं, तेहानू सगळ्यात खाली. मी ते काढून कपाटात लावायला घेतलं आणि सहज उघडलं. राजाची माणसं न्यायला येतात आणि गेड लपून बसतो ते पान. मार्जिनमध्ये मी 2006 ला पेन्सिलने लिहिलेलं आहे, "पळपुटा!" आणि खाली रेघ. मी विसरलेच होते. आणि त्याच्या खाली, ताज्या पेन्सिलने, बारीक अक्षरात, "हो ना!!"

कधी लिहिलं असेल. गच्चीवर कुरडयांपाशी बसून लिहिलं असेल. आत्याला तिने त्या पानावर गाठलं होतं आणि आत्या तिच्याच बाजूची निघाली होती. म्हणून तर आज दारात इतक्या खात्रीने सांगितलं तिने मला.

मी पेन्सिल घेतली. त्या दोघींच्या खाली जागा आहे अजून बोटभर. पण काय लिहायचं ते काही सुचलं नाही. पेन्सिल त्याच पानात ठेवली आणि पुस्तक होतं तसं परत खाली सरकवलं, वर शोर, वर विझर्ड.

कुरडयांचे गहू परत भिजत घातलेत, आज दुसरा दिवस, आंबूस वास यायला लागलाय. पाणी बदलायचं राहिलंय.