कोबेचे योकोओ आणि आपली कॅलेंडरं

भारतातून कुणी आलं की मी हल्ली आधी जपानमधल्या कोबे शहरात ओजी-कोएन स्टेशनजवळच्या योकोओ तादानोरी संग्रहालयात नेते. चित्रकार हयात आहे आणि त्याच्या नावाचं संग्रहालय ह्योगो प्रांताच्या सरकारनं २०१२ साली उघडलंय. हे कळलं तेव्हा मला खरंच हेवा वाटला.

योकोओंचा जन्म १९३६ चा, याच प्रांतातल्या निशिवाकीचा. दत्तक आई-वडील किमोनोच्या कापडाचे व्यापारी. ताग्यांवरच्या भडक छापील लेबलांत हा मुलगा वाढला, आणि तेच रंग त्यांच्या सिल्कस्क्रीनमध्ये (ताणलेल्या जाळीतून रंग छापून केलेल्या चित्रांत) उतरले. १९६५ चं गाजलेलं पोस्टर बघा: मागे सूर्याचे लाल-निळे किरण, वर कोपऱ्यात फुजी पर्वत आणि शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन, मधोमध हातात गुलाब घेऊन फासावर लटकलेले स्वतः योकोओ. बघताक्षणी मला आपली देवादिकांची कॅलेंडरं आठवली. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या होत्या, त्यामुळे छापील चित्राचं वेड आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त त्याला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडणारेही आपणच.

१९६९ साली पॅरिसच्या युवा बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तरुण कलाकारांच्या प्रदर्शनात, त्यांना मुद्राचित्रांसाठी सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तोवर ते दिग्दर्शक ओशिमा नागिसांच्या चित्रपटात नायक झाले होते. पण मला सर्वांत आवडतं ते त्यांचं १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनातलं वस्त्रोद्योग दालन. बांधकाम चालू असतानाची परांची त्यांनी घुमटाभोवती तशीच राहू दिली, लाल रंगवली आणि तिच्यावर कामगारांचे लाल पुतळे उभे केले. काम अर्धवट राहिलंय असं दिसणारी इमारत, आणि तीही जगभरातले लोक येणार त्या प्रदर्शनात! जिथे ट्रेन मिनिटभर उशिरा आली तरी माफी मागतात, त्या देशातल्या कापड उद्योगानं याला पैसे दिले. जपानी माणसं नियमाबाहेर जातच नाहीत, असं मला फोनवर ऐकवणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

पुढे भारताच्या वाऱ्या, सांताना या अमेरिकन रॉक बँडच्या अल्बमचं बावीस पानांचं वेष्टन, फॅशन डिझायनर इस्सेई मियाकेंच्या शोची निमंत्रणपत्रं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन झालं. १९८० मध्ये तिथेच पिकासोचं प्रदर्शन बघून त्यांनी रंगचित्रकार व्हायचं ठरवलं. चाळिशी उलटलेली, ग्राफिक डिझाइनमध्ये जगभर नाव झालेलं, आणि हा निर्णय! इंजिनिअरिंग सोडून मी इथं सिरॅमिक्स शिकायला लागले तेव्हा घरचे ‘या वयात?’ म्हणाले होते. आता विचारलं की मी योकोओंचं नाव सांगते.

२०२३ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात शंभराहून जास्त नवी चित्रं लावली. विषय होता कानझान आणि जित्तोकु हे जुने झेन अवलिये. परंपरेनं एकाच्या हातात गुंडाळी असते आणि दुसऱ्याच्या हातात झाडू. योकोओंनी त्यांना टॉयलेट पेपर आणि व्हॅक्यूम क्लीनर दिला.