चावण्याऐवजी कार्ड : लाँग आयलंडहून कोल्हापूरच्या घरांसाठी

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर आम्ही राहतो आणि इथल्या एका सरकारी शाळेत, विशेष मुलांच्या वर्गात, मी मदतनीस म्हणून काम करते. कोल्हापुरातून ओळखीच्या लोकांचे फोन येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो : ऑटिझम असलेला मुलगा मारतो, चावतो, डोके आपटतो, तर तिकडे यावर काय करतात? आमच्या वर्गात अशा वेळी सर्वांत आधी हे शोधले जाते की, या वागण्यातून मुलाला नेमके काय मिळते.

या पद्धतीची मुळे योगायोगाने आमच्या घरापासून फार दूर नाहीत. इथल्याच स्टोनी ब्रुक विद्यापीठातील एडवर्ड कार आणि त्यांचे सहकारी मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली चार मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचे त्रासदायक वागणे काम अवघड असताना वाढते की मोठ्यांचे लक्ष नसताना, हे त्यांनी आधी पाहिले. ज्याला काम अवघड जात होते त्याला ‘मला समजत नाही’ आणि ज्याला लक्ष हवे होते त्याला ‘मी नीट करतोय ना?’ असे विचारायला शिकवले. कारणाशी जुळणारे वाक्य हाती आले तेव्हा त्रास कमी झाला. न जुळणारे वाक्य शिकवले तेव्हा तो तसाच राहिला. फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा गाभा मला या दुसऱ्या निष्कर्षात दिसतो, कारण नुसते ‘बोलायला शिकवा’ हा सल्ला कुणीही देऊ शकतो.

कारणे साधारणपणे चार प्रकारची असतात : लक्ष हवे असणे, एखादी वस्तू हवी असणे, नको असलेल्या कामातून किंवा जागेतून सुटका हवी असणे, आणि शरीराच्या संवेदनांशी निगडित गरज. मात्र त्याआधी दात, कान, पोट दुखते का, हे डॉक्टरांकडून तपासून घेणे आवश्यक आहे, कारण ज्याला दुखणे सांगता येत नाही ते मूल हातच चावणार.

माझा भाचा मंगळवार पेठेत जुन्या घरात राहतो. तो बोलत नाही. रात्रीच्या जेवणाला बसला की ताट ढकलायचा आणि स्वतःचे मनगट चावायचा. माझ्या आईचे मत ठरलेले होते : “लाडानं बिघडलाय गं त्यो.” वहिनींना मी एवढेच सुचवले की, प्रत्येक वेळी आधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केले, हे लिहून ठेवावे. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहितात, त्याच्याच मागच्या बाजूला त्यांनी नोंदी केल्या. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर त्या आम्ही वाचल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘आधी’च्या रकान्यात कुकरची शिट्टी होती आणि ‘नंतर’च्या रकान्यात ‘सोप्यात नेऊन बसवला’ असे होते (सोपा म्हणजे जुन्या घराचा पुढचा, पडवीसारखा भाग). चावले की गोंगाटातून सुटका होते, हे तो नेमके शिकला होता.

म्हणून सोप्याचा फोटो काढून त्याचे कार्ड केले. कुकर चढवला की दादा त्याच्या मागे बसे, चावण्यापूर्वीच त्याचा हात अलगद धरून कार्ड वहिनींच्या हातात देववी, आणि वहिनी लगेच “सोप्यात जायचं? चल” म्हणून उठत. चित्र हातात देऊन मागण्याची ही रीत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्याच डेलावेअर राज्यात विकसित केलेल्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. कार्ड दिल्यावर दरवेळी आणि ताबडतोब सुटका मिळणे हे सुरुवातीला अत्यावश्यक असते. चावण्यापेक्षा कार्ड सोपे आणि भरवशाचे ठरले नाही, तर मुलाने ते का वापरावे?

आईचा आग्रह असा की, “तोंडानं म्हण की आधी, मग जा.” कार्डामुळे बोलणे मागे पडेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. चित्रे किंवा खुणा यांमुळे बोलणे खुंटते असे संशोधनात आढळलेले नाही. काही मुलांचे शब्द उलट थोडे वाढतात. कार्ड हातात असताना बोलण्याची अट घालणे म्हणजे ते मोडीत काढणे होय.

एकत्र कुटुंबात अडचण आणि सोय एकाच ठिकाणी असतात. कार्ड दिले आणि काका हसून “बस की जरा” म्हणाले, तर त्या दिवसाची शिकवण वाया जाते. पण शिकवायला दोन माणसे लागतात आणि इथल्या घरांत ती संध्याकाळी मिळणे कठीण, तिथे ती असतातच. रिक्षावाल्या मामांनाही कार्ड दाखवून ठेवले आहे.

एक सावधगिरी. जुन्या वागण्याला आता काहीच मिळू लागले नाही, तर काही काळ ते वाढू शकते. ज्यात खरी इजा होते तिथे केवळ दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. प्रशिक्षित तज्ज्ञाशिवाय तो प्रयोग करू नये. शिवाय कुणालाही इजा न करणारे हात हलवणे किंवा डोलणे थांबवण्यासाठी ही पद्धत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींनी वर्तनोपचारांवर घेतलेला आक्षेप हाच आहे की, त्यात मुलाच्या सोयीपेक्षा बघणाऱ्यांची सोय पाहिली जाते.

सध्या वहिनी ‘थांब’ हे दुसरे कार्ड शिकवत आहेत. सोप्याचे कार्ड मिळाले की त्या ‘थांब’ दाखवतात, काही सेकंदांतच त्याला बाहेर नेतात आणि तो शांत राहतो असे दिसले तरच वेळ किंचित वाढवतात. परवा त्यांनी विचारले, “वन्सं, गणपतीत ढोल वाजायला लागल्यावर पण थांबवायचं का?” मी सांगितले की नाही, तिथे कार्ड हातात आल्याबरोबर घरी निघायचे.