श्रीखंडाच्या डब्यातला फायटर

जानेवारीचा दुसरा आठवडा. नाशिकला थंडी पडली की आमच्या दुकानात दोनच वस्तू खपतात, हीटर आणि औषधं. संध्याकाळचे सात वाजले होते. शेठ गावाला गेलेले, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून शटर अर्धं ओढून मी हिशोबाची वही काढली. तेवढ्यात एक बाई वाकून आत आल्या. स्वेटर, त्यावर पदर, आणि पदराखाली काहीतरी जपून धरलेलं. मला आधी वाटलं तान्हं बाळ आहे.

"भाऊ, मासेवाल्याचं दुकान हेच ना?"

पदराखालून निघाला श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा. झाकणाला खिळ्याने चार भोकं पाडलेली. आत चार बोटं पाणी, चहाच्या चोथ्यासारखं पिवळट, वरती साय धरल्यासारखा तवंग. तळाला निळे काचेचे गोटे आणि गोट्यांच्या मधे आडवा पडलेला एक फायटर.

फायटर म्हणजे बेटा मासा. खरं नाव बेटाच, पण ते घेतलं की गिऱ्हाईक हमखास 'कोणाचा बेटा?' असा विनोद करतं, म्हणून दुकानात आम्ही फायटरच म्हणतो.

"मेला नाहीये," मावशी घाईघाईने म्हणाल्या. "मधूनच वर येतो, आ करतो, परत खाली जाऊन पडतो. जीव आहे म्हणून आणला."

"गोटे कशाला आणलेत?"

"त्याचेच आहेत. ओळखीचं काहीतरी असू द्यावं म्हटलं."

ते गोटे माझ्याही ओळखीचे होते. दिवाळीत सातपूरकडच्या एका ऑफिसने आमच्याकडून बारा फायटर नेले होते, कर्मचाऱ्यांना भेट म्हणून. गोल काचेची बरणी, दीड लिटर पाणी, मूठभर निळे गोटे, प्लॅस्टिकचं झुडूप, दाण्यांची पुडी. बाराच्या बारा बरण्या मीच भरल्या होत्या. न्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "याचं करावं काय लागतं?" आणि मी म्हणालो होतो, "काही नाही सर, हा कशातही राहतो. दिवसाला चार दाणे टाकायचे, बस." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

मावशी त्याच इमारतीत झाडूपोछा करतात. डिसेंबरच्या मध्यावर ते ऑफिस दुसरीकडे हललं. खुर्च्या गेल्या, कॉम्प्युटर गेले, ही बरणी खिडकीत राहिली. दाण्यांची पुडी कुठे सापडली नाही, म्हणून मावशी रोज बिस्किटाचा चुरा टाकत होत्या. मासा खायचा नाही, चुरा तळाशी बसून कुजायचा. त्यांना कोण सांगणार?

"बाकीचे अकरा?"

"दोघातिघांनी घरी नेले. बाकीचे दिवाळीनंतर एकेक करत गेले. मीच खालच्या कुंड्यांत पुरले." मग जरा थांबून, "गुलाब बरा फुटलाय."

मी डबा उजेडात धरला. हा मासा दुकानातून गेला तेव्हा मोरपिशी निळा होता, ते मला आठवत होतं. आता सिमेंटचा रंग. शेपटीचा पंखा अर्धा झडलेला, कडा काळपट आणि उसवलेल्या, उरलेले पंख मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटलेले. पोट खपाटीला. मी वरून बघितलं ते खवल्यांसाठी. खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर आतून पाणी भरलेलं असतं आणि मग सहसा कोणाच्या हातात काही राहत नाही. खवले बसलेले होते. थर्मामीटर बुडवला, सोळा अंश. या माशाला चोवीस ते अठ्ठावीस लागतं. तिकडे निफाडचे शेतकरी द्राक्षं वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या पेटवत होते आणि हा इथे उघड्या खिडकीत महिनाभर होता.

तरी तो जगला कसा, हे समजून घ्यायला हवं, कारण आमचा धंदाच त्यावर चालतो. फायटरला कल्ले असतातच, पण डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या घड्यांचा एक अवयव असतो, त्याने तो सरळ हवेतून श्वास घेतो. पृष्ठभागावर येऊन घोट घेतो, तो हाच. पाण्यातला प्राणवायू संपला तर गोल्डफिश गुदमरून जाईल, हा टिकतो. म्हणून दुकानात त्याला पेल्याएवढ्या बाटलीत ठेवता येतं, आणि म्हणून आम्ही 'कशातही राहतो' म्हणतो. मूळचा तो थायलंडच्या भातखाचरांचा. आपल्या इगतपुरीकडे असतात तशी खाचरं डोळ्यासमोर आणा. पाणी वीतभरच, पण उबदार, झाडोऱ्याचं आणि वावरभर पसरलेलं. त्यातलं 'वीतभर' तेवढं आम्ही उचललं. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आमच्याकडे तो काउंटरवर पेनच्या स्टँडशेजारी असतो.

"पाणी बदला ना भाऊ पटकन," मावशी म्हणाल्या. "वास मारतंय."

कोणालाही तेच सुचेल. मलाही सुचलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, नोकरीला लागलो तेव्हा. एका गिऱ्हाइकाच्या बरणीतलं अर्धं घाण पाणी काढून मी वर नळाचं ताजं पाणी भरलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो होतो. परत आलो तर मासा उलटा तरंगत होता. शेठनी शिव्या घातल्या, पण कारण त्यांनाही धड सांगता आलं नाही. ते मला फार नंतर कळलं. माशाच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. बरणीतलं पाणी महिनोन्महिने साचलं की आंबट होत जातं, पीएच उतरतो, आणि आंबट पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात पडून राहतो. ते त्या मानाने सौम्य. त्यात नळाचं पाणी ओतलं की पीएच वर चढतो, आणि एका अंकाने चढला तरी विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. म्हणजे विष बरणीतच होतं, ते जागं केलं मी.

मी दोन परीक्षानळ्यांत डब्यातलं पाणी घेतलं. पीएचच्या नळीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे पीएच सहा किंवा त्याहून खाली. आमच्या नळाचं पाणी त्याच थेंबांनी निळं होतं. दुसऱ्या नळीत अमोनियाचे थेंब टाकले. पाच मिनिटं थांबावं लागतं. मावशी माझ्या शेजारी उभ्या राहून नळीकडे बघत होत्या, जशी बायामाणसं दवाखान्यात रिपोर्टची वाट बघतात तशा. रंग पिवळ्याचा पोपटी झाला, पोपटीचा हिरवा झाला, आणि तिथेही न थांबता बाटलीसारखा गर्द झाला.

"हिरवं म्हणजे चांगलं ना?"

"नाही मावशी."

तेव्हा मासा जुन्या पाण्यात ठेवायचा नाही, आणि नव्या पाण्याचा धक्काही द्यायचा नाही. उपाय एकच, नवीन पाणी त्याच्या जुन्या पाण्यासारखं करायचं, फक्त विषाशिवाय. आमच्या प्यायच्या आरओचं पाणी घेतलं, त्यात क्षार कमी, त्यामुळे त्याचा पीएच उतरवायला सोपा. बदामाची वाळकी पानं आम्ही पोत्याने ठेवतो. शाळांच्या आवारात असतं ते मोठ्या पानांचं बदामाचं झाड, थंडीत त्याची पानं लाल होऊन गळतात, ती. चार पानं उकळली की काळ्या चहासारखा अर्क उतरतो, पाणी थोडं आंबट करतो आणि बुरशीलाही जरा आवर घालतो. थर्माकोलच्या खोक्यात आठ लिटर पाणी, त्यात अर्क, वर अगदी थोडं नळाचं पाणी, तेही अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घातलेलं. मोजत, चाखत नाही पण जवळजवळ चाखतच, पीएचच्या नळीतला रंग पिवळ्याच्या जवळ आणला. लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने लोणच्याचं जाडं मीठ विरघळवलं. पाणी वीतभरच ठेवलं, कारण आजारी फायटरला वर येऊन श्वास घेण्याचेही कष्ट होतात. दुकानातल्या चालू टाकीतला जुना स्पंज फिल्टर उचलून आत लावला. त्या मळक्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला असतात, नवाकोरा स्पंज काही कामाचा नाही.

मासा जाळीत घेतला नाही, पंख आणखी फाटले असते. चहाच्या कपाने अलगद उचलला, कपातलं पाणी बोटांमधून गळू दिलं आणि खोक्यात सोडला. तो दगडासारखा तळाला गेला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

साधारण मिनिटभराने तो वाकडातिकडा वर आला, घोट घेतला, परत खाली.

"मला साडेआठची बस आहे," मावशी म्हणाल्या. डबा त्यांनी बेसिनमध्ये धुवून पिशवीत टाकला. गोटे ठेवून गेल्या.

उरलं काम ऊब देण्याचं, आणि तेही सावकाश, तासाला अंश-दीड अंश. हीटरचा काटा विसाच्या खाली जात नाही, म्हणून सुरुवातीला बाटलीत गरम पाणी भरून ती खोक्यात उभी केली. विसावर आल्यावर हीटर. वर झाकण, म्हणजे त्याच्या श्वासाला गार हवा लागू नये. घरी फोन केला की उशीर होईल. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, फायटर आजारी आहे. "किती रुपयांचा?" तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर दिलं नाही. दीड वाजता काटा चोविसावर ठेवून घरी गेलो.

नंतरचे दिवस कंटाळवाणे. रोज दोन लिटर पाणी काढा, त्याच तापमानाचं दोन लिटर घाला, नळाच्या पाण्याचा वाटा दर वेळी किंचित वाढवा. दहा दिवसांनी मीठ बंद. आधी तो खातच नव्हता. दाणा नाकासमोरून खाली जायचा आणि हा बघायचासुद्धा नाही. पाचव्या दिवशी, सांगू नये खरं, दुकानामागच्या उन्हातल्या पिंपातून डासांच्या पाच-सहा अळ्या काढून सोडल्या. महापालिकेचे मलेरियावाले आले असते तर दंड झाला असता. अळी वळवळली. त्याने एक डोळा फिरवला. मग मान नसलेल्या प्राण्याने मान वळवावी तसं अख्खं अंग वळवलं, आणि अळी गेली. मी पोऱ्याला हाक मारून सांगितलं, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मावशी एक दिवसाआड यायच्या, बसच्या आधी दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसायला लागली. नवा पंख असा बिनरंगाचा फुटतो, रंग मागून भरतो. मावशींना ती दिसेना. मोबाइलची बॅटरी मागून धरली तेव्हा दिसली. "अगं बाई, नख फुटल्यासारखं," त्या म्हणाल्या.

त्यांनीच एकदा विचारलं, "दिवाळीत हा वर फेस करायचा, तो का? ऑफिसातल्या पोरी फोटो काढायच्या."

म्हटलं, ते घरटं. नर तोंडाने बुडबुडे सोडून बांधतो. मादीने अंडी घातली की ती तोंडात उचलून त्या फेसात ठेवतो आणि राखण करतो. गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो, फेस केला म्हणजे मासा खूश आहे. तसं काही नसतं, घाणेरड्या बरणीतही ते बांधतात.

"मादी नव्हतीच की तिथं."

"नव्हती."

"मग बांधायचा कुणासाठी मेला," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून बसला गेल्या.

फेब्रुवारीअखेर तो निळा झाला. पहिल्यासारखा नाही, शेपटी एका बाजूने आखूडच राहिली. मी मावशींना म्हटलं, घेऊन जा आता, पैसे नकोत. त्यांनी विचारलं, "याचं करावं काय लागतं?"

तेच शब्द. या वेळी मी नीट सांगितलं. पंधरा-वीस लिटरची टाकी, झाकण, थंडीत हीटर, स्पंज फिल्टर, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, तेही अँटीक्लोरीन मारून. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "आमच्याकडं सकाळी तासभर पाणी येतं भाऊ," त्या म्हणाल्या. "इथंच राहू द्या. मी येत जाईन."

तो काउंटरमागच्या टाकीत आहे. निळे गोटेही आहेत. शेठनी दोनदा विचारलं, हा विकायचा का नाही? म्हटलं, शेपूट आखूड आहे, कोण घेणार.

पुढच्या दिवाळीआधी एका ऑफिसचा फोन आला. पंधरा फायटर, काचेच्या बरणीत, टेबलावर ठेवायला. करावं काय लागतं, असं बाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, हीटरच्या किमतीसकट. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. नंतर समजलं, त्यांनी सुकामेवा वाटला. शेठ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.