तुम्ही विचारलंत म्हणून: निर्णय आईचा होता, मग सुईणीला जाब का?

"घरी बाळंत व्हायचं तिनंच ठरवलं होतं ना? मग त्या सुईणीला का धरता?" आधी सिझर झालेली एक बाई सुईण बोलावून घरी बाळंत व्हायला बसली, बाळ गेलं, सुईणीची चौकशी झाली. त्यावरून हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, वकील विचारतात. माझ्या बरोबरीचे प्रसूतितज्ज्ञ तो जरा वेगळ्या तोंडानं विचारतात: "ऐकायचं नाही, घरी बसायचं, आणि बिघडलं की आपण धावायचं?" दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. तिनं स्वतःहून धोका पत्करला, आता बाकीच्यांनी हात झटकले तरी चालतील. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते एकदा नीट सांगते.

आधी एक वाद बाजूला ठेवते: घरचं बाळंतपण सुरक्षित की नाही. इंग्लंडमधला २०११ सालचा 'बर्थप्लेस' अभ्यास मला हमखास दाखवला जातो. पहिलटकरणींमध्ये घरी ठरवलेल्या बाळंतपणात बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू हजारी ९.३, डॉक्टरांच्या प्रसूती विभागात ५.३, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत म्हणावा असा फरक नाही. खरं आहे. पण ते आकडे जोखीम कमी असलेल्या बायकांचे आहेत. आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ यांना ते लागू करता येत नाहीत. मी ज्या बाईबद्दल बोलते आहे, तिचं पहिलं सिझर झालेलं होतं.

तिला पहाटे आणली तेव्हा ती शुद्धीवर होती. "कळा थांबल्यात, पण दुखायचं थांबत नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. सिझरच्या जुन्या टाक्यांवर गर्भाशयाची पिशवी फाटलेली ज्यानं एकदा पाहिली आहे, त्याला यापुढे काही विचारावं लागत नाही. बाळाचे ठोके साठच्या आसपास. पोट उघडलं तर बाळ पिशवीतून बाहेर येऊन पोटात पडलेलं, वारही सुटलेली. पिशवी शिवता आली, आई वाचली. बाळाला थंड ठेवायचे उपचार जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करावे लागतात, मग ७२ तास शरीर ३३-३४ अंशांवर ठेवतात. ते वेळेत सुरू केले. मेंदूला व्हायची ती इजा आधीच झाली होती. बाळ गेलं.

सुईणीनं सोबत आणलेला कागद मी नंतर वाचला. ठोक्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी, नेटक्या अक्षरात: १४०, १३६, १४४. पावणेतीनला १३८. त्याच्या खालची ओळ एकदम चार वाजून दहा मिनिटांची: "आई दमली. हॉस्पिटलला नेऊ म्हटलं." मधे काही नाही. पिशवी फाटायला लागते तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यात आधी बाळाचे ठोके घसरतात. डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, सुईणीच्या बॅगेत होतं. चौकशीत ती म्हणाली, आईला सारखं हात लावलेलं नको होतं. असेल. मग "नको म्हणाली" अशी वेळ घालून एक ओळ हवी होती, आणि नको म्हणण्याचा अर्थ काय होतो हे आईला सांगितल्याची दुसरी.

सिझरनंतर साधं बाळंतपण करून पाहिलं तर पिशवी फाटायची शक्यता साधारण दोनशेत एक. आईनं पत्करला तो एवढा धोका. त्या दीड तासाला तिनं होकार दिलेला नव्हता. कुणीतरी ठोके ऐकत बसेल या भरवशावर तर तिनं सुईण बोलावली होती.

मी डॉक्टर, म्हणून सुईणींवर घसरते, असंही ऐकलं आहे. तर दुसरा कागदही सांगते. तो आमच्याच हॉस्पिटलचा, सातव्या महिन्यातल्या तपासणीचा. "जोखीम समजावली. सिझरचा सल्ला." खाली सही. बस. तिनं साधं बाळंतपण इथं करून बघता येईल का असं विचारलं होतं, आणि "एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझरच" हे उत्तर मिळालं होतं. असा प्रयत्न करणाऱ्या चारांतल्या जवळजवळ तिघी नीट बाळंत होतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. पिशवी फाटायचा 'दोनशेत एक' हा आकडाही सांगितला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात म्हटलं, की त्या बाईच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो डॉक्टरनं सांगायलाच हवा, आणि दुसरे मार्गही. सही म्हणजे सांगणं नव्हे. चौकशीत हा कागद कुणी मागितला नव्हता. मी तो पुढे ठेवला. त्यावरून माझ्याशी बोलणं सोडलेले लोक अजून आहेत. पण घरी राहायचा निर्णय त्या तपासणीच्या खोलीतून निघाला होता, आणि तो कागद न वाचता त्या रात्रीचा हिशेब लागत नाही.

नव्यानं डॉक्टर झाले तेव्हा मी म्हणायचे, जोखमीच्या बाळंतपणाला घरी हात लावणाऱ्या सुईणीवर सरळ गुन्हा घाला. आजही अर्धं मन तेच म्हणतं. पण सुईण नाही म्हणाली म्हणून प्रत्येक बाई हॉस्पिटलात येत नाही. काही जणी एकट्याच बाळंत होतात. सुईण कायद्यानं सुटते, आणि ठोके ऐकायला कुणीच नसतं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१० मध्ये हंगेरीच्या प्रकरणात बाळंतपण कुठं व्हावं हे ठरवणं खासगी आयुष्याचा भाग मानलं. त्याच न्यायालयानं २०१६ मध्ये, घरी सुईणींना मनाई करणाऱ्या चेक प्रजासत्ताकाचंही चुकलं नाही असं सांगितलं. दोन्ही निकाल मी वाचलेत आणि दोन्हींतलं मला पटतं. माझी अडचण तिथंच आहे.

सुईणीची नोंदणी निलंबित झाली. तो निर्णय मला योग्य वाटतो. हॉस्पिटलच्या कागदावर अहवालात एक ओळ नाही, हे अयोग्य वाटतं. आणि त्या सुईणीकडे आणखी बायकांनी नाव घातलं होतं, त्यांत सिझर झालेल्याही होत्या. निलंबनानंतर त्यांचं बाळंतपण कोण करणार, हे मी चौकशी समितीला लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही. आमच्याकडे त्यांतली एकही आली नाही.