शिव्या वाया गेल्या

काल ऐन मालिकेच्या वेळेला आमच्याकडचे लाइट गेले. त्यामुळे आज दुपारी अडीचला, जेवणाची झाकपाक होते न होते तोच सासूबाई टीव्हीसमोर. मी शेजारीच सुपात भाजलेले दाणे चोळत बसले होते. मालिका मी बघत नाही. नुसती ऐकते. दोन वर्षं ऐकतेय.

या मालिकेतल्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर काय केलं नाही? दुधात गोळ्या घातल्या, मृत्युपत्र पळवलं, जिन्यात तेल सांडलं. आणि आज काय, तर त्याच जाऊबाई कुणाच्या तरी पाया पडून म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसंच होईल." ज्याच्या पाया पडल्या त्याचं तोंड काही दाखवलं नाही. नुसता एक हात, आणि त्यात फिरणारी जपमाळ.

सासूबाईंनी आवाज बंद केला.

"म्हणजे ही नव्हेच?"

"नाही वाटतं, आई. हिच्या मागे कुणीतरी आहे."

"अगं, दोन वर्षं हिला शिव्या घातल्या मी! त्या काय वाया गेल्या?"

मी दाण्यांवर फुंकर मारली आणि गप्प बसले. प्रश्न बिनतोड होता.

शिव्या घालायला समोर तोंड लागतं. माझी आजी निळू फुले पडद्यावर आले की कडाकडा बोटं मोडायची. सिनेमा संपून घरी येईपर्यंत टांग्यातही मोडायची. हा मनुष्य पडद्याबाहेर सेवादलातला, माळीकाम केलेला, साधा सज्जन, हे तिला माझ्या काकांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "असेल. पण बघतो कसा!" तिची बोटं तिथं सार्थकी लागत. जपमाळेवर कुणी बोटं मोडावीत?

आणि कामं तरी कोण करतं? सगळी ढोरमेहनत समोरच्या खलनायकाची. पाठलाग त्यानं करायचा, मार त्यानं खायचा, शेवटच्या रिळात गोडाउनमध्ये पिंपावर त्यानंच पडायचं. पडद्यामागचा तो थंड डोक्याचा बोलविता धनी मात्र खुर्चीत बसून शेवटच्या पाच मिनिटांत तोंड दाखवणार, आणि आपण म्हणणार, "वा, काय डोकं!" मला हा अन्याय वाटतो. म्हणून रहस्यकथेचं शेवटचं पान मी आधी वाचते. घरात यावरून मला खूप बोलतात. बोलोत.

खरं तर हे जपमाळ प्रकरण मला फार आधीपासून माहीत आहे. पापडाच्या लाट्यांपासून.

पंचवटीत आमचा जुना वाडा होता. मे महिन्यात उडदाचे पापड. आजी पीठ कुटून घ्यायची, तेलाच्या हातानं त्याची लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि दुसरं हातात धरून सपासप लाट्या पाडायची. सगळ्या सारख्या. त्या तेलात घोळून मोठ्या पातेल्यात रचायच्या आणि वर ओलं फडकं. दुपारी आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. त्या येईपर्यंतचा तास-दीड तास पातेलं माजघरात एकटं असायचं.

कच्ची लाटी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगायचं, आणि ज्यानं खाल्ली त्याला काय सांगायचं! आधी तेल लागतं, मग खार, मग मिरी, आणि दाताला चिकटून बसलेला तो उडदाचा चिवटपणा.

ताई, म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती ओसरीवर शुद्धलेखनाची वही उघडून बसायची आणि वहीतून मान वर न करता मला सांगायची, "वरची घेऊ नको, खड्डा दिसतो. कडेनं बोट घाल आणि खालच्या थरातली काढ." मी आत जायची. दोन मला, तीन तिला. मोठी म्हणून तीन. खाऊन झाल्यावर ती हात परकराच्या आतल्या बाजूला पुसायची. मी फ्रॉकच्या पुढच्या.

त्या फ्रॉकनंच घात केला. आजीच्या लाट्या मोजलेल्या असत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तिनं मला समोर उभं केलं, फ्रॉकवरचे पाच डाग पाहिले आणि कान धरला, त्याच मिरीच्या, पापडखाराच्या हातानं. डावा कान. संध्याकाळी काळारामाच्या आरतीलाही तो चुरचुरत होता. ताई शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती, अगदी मन लावून.

मी तिचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी खरं मानलं नसतं. तिचं अक्षर फार सुंदर होतं.

नाशिककरांनी खरं तर या विषयावर बोलायलाच हवं. आमच्या गावाचं नावच मुळी एका नाकावरून पडलं म्हणतात. (नऊ शिखरांवरून पडलं म्हणणारेही आहेत, पण नाकाची गोष्ट मुलांना सांगायला बरी.) रावणाला आपण दरवर्षी जाळतो. दहा तोंडं, म्हणजे शिव्या घालायला दसपट सोय. पण जरा खोलात गेलं की लोक म्हणणार, रावण निमित्त हो, कान भरले ते शूर्पणखेनं. त्याच्याही मागे गेलं तर कैकेयी, तिच्या मागे मंथरा. अध्यात्मरामायणात तर मंथरेच्याही मागे देव आहेत, त्यांनीच सरस्वतीला तिच्या जिभेवर पाठवलेलं. आता काय करायचं? जपमाळ शेवटी तिथं निघाली!

आणि अकंपनाचं काय? हे नाव निघालं की लोक माझ्याकडे बघतात. पण वाल्मीकिरामायणाच्या प्रचलित प्रतीत, अरण्यकांडात, शूर्पणखेच्या आधी लंकेला पोचतो तो अकंपन. खराचे 14 हजार राक्षस जनस्थानात मेले, हा तेवढा पळाला. अकंपन म्हणजे न थरथरणारा, आणि पळाला! त्यानंच रावणाला पहिल्यांदा सुचवलं की रामाशी लढू नका, सीतेला पळवा, तिच्यावाचून तो जगणार नाही. रावण लगेच मारीचाकडे गेलाही. मारीचानं समजूत घातली तेव्हा घरी परतला. शूर्पणखा आली ती त्यानंतर. म्हणजे डोकं अकंपनाचं, आणि नाक जाऊन वर नाव बद्दू झालं ते तिचं. शिवाय जनस्थान म्हणजे आपलंच गाव. सूत्रधार नाशिककर निघाला, आणि त्याला शिव्या घालायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी भाजीला बाहेर पडले. गंगापूर रोडवर रिक्षावाला ओरडत होता, "आनंदवली, आनंदवली!" हे नाव रोज ऐकते. आज जरा अडखळले. राघोबादादा आणि आनंदीबाई इथं वाडा बांधून राहत, त्यांच्यावरूनच हे नाव. शाळेत असताना आम्हाला दोन व्याकरणं होती. एक पुस्तकातलं, आणि एक 'ध' चा 'मा' करायचं. 'धरावे'चं 'मारावे' झालं, आणि 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव गेला. अठरा वर्षांचा होता. तलवार गारद्यांची. पुढे उभे राघोबादादा, रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यांनाच. पण नाव घ्या, पहिलं कुणाचं येतं तोंडात? तो 'ध' चा 'मा' केलेला कागद आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. एक अक्षर. शाई ओली की वाळलेली, कुणी पाहिलं नाही. तरी आमच्या वर्गातल्या चाळीस पोरांना ते अक्षर कुणी खोडलं हे शंभर टक्के ठाऊक होतं.

पडद्यामागे ठेवायला आपल्याला घरातली एखादी बाई फार सोयीची पडते. मंथरा काय, आनंदीबाई काय, आणि मालिकेतला तो हात! त्यात बांगड्या होत्या, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आनंदवलीवरून हाच रस्ता पुढे गंगापूरला जातो. तिथं गोपिकाबाई राहत, नारायणरावाची आई. 1761 मध्ये पानिपतावर विश्वासराव गेला, त्याच साली नवरा. 1772 मध्ये माधवराव. आणि पुढच्या वर्षी पुण्याहून ही बातमी. एकच नदी, वर गंगापूर, खाली आनंदवली. गोपिकाबाईंनाही कारस्थानी म्हणणारे आहेतच. त्या बाईनं कुणाच्या नावानं बोटं मोडली असतील? की मोडलीच नसतील, नुसती नदीकडे बघत बसली असेल?

मेथीची जुडी घेतली आणि परत आले.

रात्री ताईला फोन लावला. ती आता कोल्हापूरला असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "ताई, आजीच्या लाट्या आठवतात का गं?"

"न आठवायला काय झालं!" ती हसायला लागली. "तू मला आत पाठवायचीस आणि आपण ओसरीवर पाटी घेऊन बसायचीस. एवढीशी होतीस, पण डोकं बघ! खालच्या थरातली काढ म्हणे."

"मी?"

"मग कोण? आणि मार मी खाल्ला. आजीनं असा कान पिळला होता, मिरीच्या हातानं... देवळातसुद्धा झोंबत होता."

"कुठला कान?"

"डावा. का गं?"

मी काहीच बोलले नाही. आतून सासूबाई हाक मारत होत्या. आज लाइट होते, नवा भाग सुरू झाला होता, आणि जपमाळेला अजून काही तोंड फुटलं नव्हतं. त्या मोठ्या जाऊबाईंनाच शिव्या घालत होत्या.