पहिलं शिलाई मशीन बघून आले आज

आज पहिल्यांदा मशीन बघायला गेले आणि सोबत घरातलेच कापडाचे तुकडे नेले, एक पातळ सुती, एक जीन्सचा आणि एक ताणणारा टीशर्टचा, हे फार बरं केलं कारण दुकानात दाखवायला ठेवतात त्या कडक कापडावर कुठलंही मशीन छानच शिवतं. जीन्सची चार पदरी घडी घातली तशी एक हलकी मशीन जागची सरकायला लागली, मोटर नुसती घूं घूं करत राहिली. दुसरी जड होती, आतली बॉडी धातूची, तिने सावकाश पण सरळ टीप मारली. तिथेच मन बसलं माझं.

शंभर डिझाईनचे टाके नकोच वाटले. सरळ टीप, झिगझॅग आणि काज, पहिल्या वर्षाला एवढं पुष्कळ. वेग कमी ठेवता येणं मात्र हवंच, शिकताना हात थरथरतो.

एकदा खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता झाला, मला वाटलं बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बिघडली. तर दाखवणाऱ्या ताई म्हणाल्या, अगं वरचा दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेलाच हवा, फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही. परत ओवला आणि टीप एकदम स्वच्छ!

सुईवरचा ९०/१४ हा नंबर पण आज कळला, ९० म्हणजे सुईची ०.९ मिलिमीटर जाडी, १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. जीन्सला १००/१६ लावायची.

उद्या परत जाऊन तीच घेणार, जड असली तरी.